फरदडीचा मळकट अंधार

फेब्रुवारीच्या शेवटी हिंगणघाटकडचा माझा मावसभाऊ नागपूरला आला तो कापसाची पिशवी घेऊनच. चहा व्हायच्या आत त्यातला एक पुंजका त्याने माझ्या हातावर ठेवला. "दादा, तू फिजिक्सवाला ना? हा धागा मोजून दे मले."

त्याचं गाऱ्हाणं असं होतं. भाव वाढेल म्हणून त्याने दिवाळीपासून कापूस घरातच भरून ठेवला होता. शेवटी विकायला नेला, तर घेणाऱ्याने सरकी काढून थोडी रुई यंत्रात घातली आणि आकडा सांगितला: मायक्रोनेअर, म्हणजे कापसाच्या तंतूचं एक माप, 3.1. माल कच्चा आहे, धागा बारीक आहे, भाव कापावा लागेल. कापला. मावसभावाचा प्रश्न मात्र रास्त होता. "बारीक सूत महाग रायते का नाही? मंग माह्या धागा बारीक हाय तं पैसे कमी कायले? आन् बारीक हाय हे तरी खरं कायवरून?"

मी बी.एस्सी. होऊन वीस वर्षं झाली. आता दिवसभर कर्जाच्या फायली पाहतो. पण कॉलेजात लेझरने केस मोजल्याचं आठवत होतं आणि भावासमोर जरा फुशारकीही मारायची होती. म्हटलं, दे, दोन दिवसांत सांगतो. सव्वादोन आठवडे लागले.

स्क्रूगेज हा पहिला विचार, पण तो लगेच बाद झाला. साध्या स्क्रूगेजचं लघुत्तम माप 0.01 मिलिमीटर, म्हणजे 10 मायक्रॉन, आणि कापसाचा तंतू असतो साधारण 12 ते 20 मायक्रॉनचा. वर स्क्रू आवळला की बिचारा चपटा होणार, म्हणजे आपण आपलाच दाब मोजणार. प्रकाश मात्र हात न लावता मोजतो.

लेझरच्या वाटेत एखादा बारीक तंतू उभा धरला की समोरच्या भिंतीवर त्याची सावली पडत नाही. त्याऐवजी आडवी लाल रेघ पसरते आणि तिच्यात ठरावीक अंतरावर काळी खिंडारं असतात. हे विवर्तन. फ्रेंच शास्त्रज्ञ बाबिने याचं तत्त्व असं की तंतू असो नाही तर तेवढ्याच रुंदीची फट असो, मधला झगझगीत ठिपका सोडला तर दोन्हींचा नमुना सारखाच. म्हणून फटीचं सूत्र तंतूला चालतं: जाडी बरोबर तरंगलांबी गुणिले भिंतीपर्यंतचं अंतर, भागिले दोन काळ्या जागांमधलं अंतर. गंमत अशी की तंतू जितका बारीक तितकी रेघ जास्त फाकते. आपल्याला जे दिसत नाही तेच भिंतीवर मोठं होऊन येतं.

सीताबर्डीच्या फुटपाथवरून लाल लेझर घेतला. त्याचं बटण दाबून धरावं लागतं, म्हणून त्यावर कपड्यांचा चिमटा लावला. आईच्या देवघरातला पाट, त्यावर पिठाचा डबा, त्यावर लेझर. जुन्या लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे कापून मध्ये सेंटिमीटरभर भोक पाडलं. त्यावर तंतू उभा ताणायचा आणि दोन्ही टोकांना सेलोटेप. समोरच्या भिंतीवर ड्रॉइंग शीट. पुठ्ठ्यापासून भिंतीपर्यंत टेपने बरोबर 3.50 मीटर. खोलीतला आरसा काढून आत ठेवला, कारण लेझर डोळ्यात जाणं हा चेष्टेचा विषय नाही, आणि घरच्यांना ताकीद दिली की दिवा बंद असताना कोणी या रेषेत वाकायचं नाही.

पंखा बंद करावा लागला. पंख्याच्या वाऱ्याने केस थरथरतो आणि रेघ नाचते. फेब्रुवारीची रात्र म्हणून उकाड्याचं काही नव्हतं, पण मानेवाड्यातले डास अंधाराची वाटच पाहत असतात. माझ्या वहीत त्या आठवड्यातल्या दोन पानांवर आकड्यांपेक्षा रक्ताचे डाग जास्त आहेत.

पहिली अडचण लेझरचीच निघाली. त्याच्या चिकटपट्टीवर लिहिलं होतं 630 ते 680 नॅनोमीटर. याला काय माप म्हणायचं? तरंगलांबीतच एवढी ढिलाई असेल तर उत्तरात शेकड्यामागे चारची चूक धरूनच चालावं लागेल. मग जुनी सीडी शोधली. सीडीवरच्या खाचा एकमेकींपासून 1.6 मायक्रॉनवर असतात आणि हे अंतर सगळ्या सीड्यांना ठरवून दिलेलं आहे, म्हणजे घरात फुकट पडलेली उत्तम मोजपट्टी. एका मोठ्या पुठ्ठ्याच्या भोकातून लेझर सीडीवर सरळ मारला, 40 सेंटिमीटरवरून. दोन बाजूंचे ठिपके त्याच पुठ्ठ्यावर परत आले, एकमेकांपासून 36 सेंटिमीटरवर. त्या कोनावरून हिशेब केला: 657 नॅनोमीटर. यानंतर आकडेमोड सोपी झाली. 657 नॅनोमीटर गुणिले 3.50 मीटर म्हणजे, मिलिमीटर आणि मायक्रॉनच्या भाषेत, 2300. दोन काळ्या जागांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, त्याने 2300 ला भागा, जाडी मायक्रॉनमध्ये हातात.

एकदम कापसावर उडी मारायची नाही, आधी जाडी माहीत असलेली वस्तू मोजून पाहायची, एवढी अक्कल कॉलेजातून शिल्लक होती. वाइंडिंगच्या दुकानातून 42 गेजची वीतभर तार आणली. 42 गेज म्हणजे 101.6 मायक्रॉन, तक्ता सांगतो. तार लावली आणि भिंतीवर अशी देखणी रेघ उमटली की बायकोसुद्धा पोळ्या टाकून पाहायला आली. काळ्या जागा पेन्सिलीने खुणावल्या. इथे सगळे एकच चूक करतात, मीही केली: मधला उजेडाचा पट्टा बाकीच्यांच्या दुप्पट रुंद असतो, त्यामुळे उजेड मोजत गेलं की हिशेब घसरतो. काळ्या जागाच मोजायच्या, आणि डावीकडच्या पाचव्यापासून उजवीकडच्या पाचव्यापर्यंत एकदम, म्हणजे बरोबर दहा अंतरं मिळतात आणि खुणेतली चूक दहात वाटली जाते. आलं 198 मिलिमीटर. एक अंतर 19.8. जाडी 116 मायक्रॉन.

पंधरा मायक्रॉन जास्त. म्हणजे जो तंतू मोजायला निघालो, जवळजवळ तेवढीच चूक! सीडी पुन्हा मोजली, भिंतीचं अंतर पुन्हा मोजलं, रात्रीचे साडेबारा वाजले. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तक्रार केली की तार 42 ची नाही. वाइंडिंगवाला हसला. "साहेब, गेज तांब्याचं असते. वरून वार्निश हाय ना." घरी येऊन वार्निश जाळायला लायटर लावला, तर पहिल्या तुकड्याच्या टोकाची वितळून गोळी झाली. दुसरा तुकडा ज्योतीच्या कडेने भर्रकन फिरवला आणि मऊ कापडाने पुसला. दहा अंतरं 225 मिलिमीटर. जाडी 102. त्या क्षणी मी अंधारात एकटाच "वा" म्हणालो, आणि आतून आईने विचारलं, काय झालं रे?

यंत्र बरोबर होतं. माझा प्रश्न चुकला होता. कोणाची जाडी विचारतोय, तांब्याची की तांबं अधिक वार्निशची, हे मी ठरवलंच नव्हतं. याचा पुढे उपयोग होणार होता, पण तेव्हा ते कळलं नाही.

नंतर केस. माझा 74 मायक्रॉन, आईचा 55. ("माझे केस बारीक झाले हे सांगायला लेझर कशाला लागते? फणी सांगते.") सहज चाळा म्हणून पुठ्ठा उभ्या आसाभोवती हळूहळू वळवला, दार उघडावं तसा. तार लावून वळवलं होतं तेव्हा नमुना जागचा हलला नव्हता. केसाचा मात्र हलला. काळ्या जागा एकमेकींपासून सरकायला लागल्या आणि 74 चे 63 झाले. म्हणजे माझा केस गोल नाहीच, लंबगोल आहे, आणि कोणत्या अंगाने पाहाल तशी त्याची जाडी. वहीत दोन्ही आकडे लिहिले आणि पुढे गेलो.

मग कापूस, आणि इथे चार रात्री वाया गेल्या. एक तंतू पुठ्ठ्यावर लावणं हीच परीक्षा. श्वास सोडला तरी उडतो. लावला तरी भिंतीवर जवळजवळ काहीच दिसेना. साहजिक आहे, एवढासा तंतू प्रकाश अडवतो तो किती आणि तो पसरणार केवढ्या जागेत. मधला ठिपका मात्र डोळे दिपवतो. त्याच्या जागी काळ्या कापडाचा तुकडा चिकटवला तेव्हा कुठे अंधारात पाच मिनिटं बसल्यावर फिकट लालसर काहीतरी भासायला लागलं. भासणं आणि मोजणं यात फरक आहे.

सुटका झाली ती दोनशे वर्षांपूर्वीच्या माणसामुळे. थॉमस यंग, तोच दोन फटींच्या प्रयोगाचा, त्याने लोकरीचे तंतू मोजायला एरिओमीटर नावाचं साधन केलं होतं. लेझर नव्हता. पितळी पत्र्यात मध्ये एक भोक, भोवती बारीक छिद्रांचं कडं, मागे दिवा. लोकरीचा पुंजका डोळ्यासमोर धरून भोकाकडे पाहायचं. दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. त्यातलं एक छिद्रांच्या कड्यावर बसेपर्यंत पुंजका मागेपुढे करायचा, त्या अंतरावरून जाडी. मला त्यात एकच शब्द खुपला: पुंजका. त्याने एक तंतू घेतलाच नव्हता! आणि कशाला घ्यावा? रेघ किती फाकणार हे तंतूच्या जाडीवर ठरतं, तो भोकात डावीकडे आहे की उजवीकडे यावर नाही. वीस तंतू शेजारी शेजारी उभे लावले तर वीसही रेघा भिंतीवर एकाच जागी पडतील आणि उजेड वाढेल.

(हे लिहिताना आठवलं: सी. व्ही. रमण यांचा 1906 सालचा पहिला शोधनिबंध विवर्तनाच्या पट्ट्यांवरच होता, आणि 1910 मध्ये ते हिशेब खात्याच्या नोकरीत नागपुरात होते. गांधीसागराजवळच्या रमण विज्ञान केंद्रात मुलीला चारदा नेलं, पण आपल्या गावात हिशेब तपासणारा माणूस उजेडाचा हिशेबही ठेवत होता, हे कधी डोक्यात आलं नाही.)

आईच्या फणीने कापूस विंचरला, पंधरा-वीस तंतू सरळ करून भोकावर लावले. रेघ आली. थोडी कणीदार, पण आली. आता तुलना हवी होती. भावाने आणलेला कापूस शेवटच्या वेचणीचा, म्हणजे फरदडीचा होता. डिसेंबरनंतर शेत मोकळं करायचं सोडून त्याने पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडांना, आणखी पाणी दिलं होतं. गुलाबी बोंडअळीपायी फरदड घेऊ नका म्हणून दरवर्षी सांगतात, आणि दरवर्षी लोक घेतात, कारण उभ्या पऱ्हाटीवर बोंडं दिसत असताना ती उपटायला हात धजत नाही. पहिल्या वेचणीचा कापूस घरातच सापडला. सीतादहीच्या, म्हणजे वेचणी सुरू करतानाच्या पूजेच्या, वेळी मावशीने आईला वातींसाठी पाठवलेला, डब्यात जपून ठेवलेला. आईने मुठीएवढा दिला आणि फरदडीचा पुंजका बोटांत घेऊन म्हणाली, "हा काही वातीच्या कामाचा नाही. गुठळ्या होतात."

मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, कारण माझ्याकडे लेझर होता.

दोन्हींचे सहा-सहा पुठ्ठे केले. कापसात दुसरी-तिसरी काळी जागा दिसतच नाही, पहिलीवरच भागवावं लागतं. पहिल्या वेचणीत डावीकडच्या पहिल्या काळ्या जागेपासून उजवीकडच्या पहिलीपर्यंत सरासरी 270 मिलिमीटर. एक अंतर 135, जाडी 17 मायक्रॉन. फरदडीत 235 मिलिमीटर, म्हणजे जाडी साडेएकोणीस.

पुन्हा मोजलं. तेच. फरदडीचा धागा जाड!

भावाला फोन केला. तो एकदम पेटला. "म्हनजे थो खोटं बोलला! माह्या धागा जाड निंघाला ना? मी उद्या जातो त्याच्याकडे." मी म्हटलं थांब, दोन दिवस थांब. का थांब म्हटलं ते मलाही नीट सांगता येत नव्हतं. एक गोष्ट खटकत होती. पहिल्या वेचणीची काळी जागा काळी होती, पेन्सिल टेकवायला शंका नव्हती. फरदडीची काळी जागा मळकट होती, लालसर गढूळ, आणि तिचा मध्य कुठे हे सहा पुठ्ठ्यांवर मी सहा वेळा अंदाजानेच ठरवलं होतं. वहीत प्रत्येक वेळी समासात लिहिलंय, "अस्पष्ट". सहा वेळा लिहूनही त्याचा अर्थ काय हे विचारलं नव्हतं.

एका शाळेत शिकवणाऱ्या मित्राकडे सूक्ष्मदर्शक होता. रविवारी दोन्ही कापूस घेऊन गेलो. पहिल्या वेचणीचा तंतू पाण्याच्या थेंबात दोरीसारखा दिसला, अधूनमधून थोडा पिळलेला, भरलेला. फरदडीचा पाहिला आणि मी मित्राला म्हटलं, अरे ही तर फीत आहे. पातळ, चपटी, स्वतःभोवती वळत गेलेली. कुठे रुंद अंग समोर, कुठे नुसती धार.

तिथेच केस आठवला. केस मी वळवला होता तेव्हा 74 चे 63 झाले. हा तंतू स्वतःच वळलेला, आणि लेझरचा ठिपका दोन-तीन मिलिमीटरचा, त्यात याची कितीतरी वळणं एकदम मावतात. भिंतीवर रुंद अंगाचा नमुना आणि धारेचा नमुना एकावर एक पडत होते. अंधार मळकट होता तो म्हणून. आणि सरासरीत रुंद अंगाचं पारडं जड, म्हणून साडेएकोणीस.

कापसाचा प्रत्येक तंतू ही सरकीच्या सालीवरची एकच लांबच लांब पेशी असते. बोंडात आधी साधारण तीन आठवडे ती लांब होते, नळीसारखी. मग पुढचे काही आठवडे आतून थरावर थर देऊन भिंत जाड करते. बोंड उललं की आतला ओलावा जातो आणि नळी मिटते. भिंत जाड झाली असेल तर थोडीच मिटते. भिंतीला वेळच मिळाला नसेल तर पार चपटी होते.

भावाला फोनवर हे सांगताना पेशी-बिशी काही सांगितलं नाही. विचारलं, तुझा लपेटा पाइप रिकामा असला की केवढा दिसतो? "चांगला वीतभर." आणि पाणी सोडलं की? थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गोल होते. अरुंद दिसते." तेच. परीघ 50 मायक्रॉनचा धरला तर गोल तंतू 16 मायक्रॉन दिसेल आणि पूर्ण चपटा 25. माझा लेझर रुंदी मोजत होता. घेणाऱ्याचं यंत्र रुंदी पाहतच नाही. त्यात ठरावीक वजनाची रुई दाबून भरतात आणि तिच्यातून हवा सोडतात. तंतू पोकळ, हलके असले की तेवढ्याच वजनात ते जास्त मावतात, हवेला जास्त अंगं घासून जावं लागतं, अडथळा वाढतो आणि आकडा खाली येतो. मायक्रोनेअर हे मुळात एक इंच तंतूच्या वजनाचं माप, मायक्रोग्रॅममध्ये. लांब धाग्याच्या कापसाला 3.5 ते 4.3 लागतो. त्याचा आला 3.1.

"म्हनजे थो बारीक म्हन्ला ते…" बारीक नव्हे, पोकळ म्हणायला हवं होतं त्याने. एखादी जातच बारीक असते, भरलेली आणि बारीक, त्या सुताला पैसे मिळतात. तुझी बारीक नव्हती, उपाशी होती. असे तंतू पिंजताना एकमेकांत गुंततात, सुतात गुठळ्या येतात. हे वाक्य तोंडातून निघालं आणि मी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आई भाजी निवडत होती, तिचं लक्ष नव्हतं. बरं झालं.

भाऊ मात्र दुसरीकडेच पोचला होता. "दादा, पन सगळा माल तं फरदडीचा नोता. दिवाळीचा बी होता ना आतमंदी." किती? तीन हिस्से दिवाळीचा, एक हिस्सा फरदडीचा. एकाच खोलीत, एकाच गंजीवर ओतलेला. यंत्रात जी मूठ गेली ती वरची होती.

यावर माझ्याकडे सूत्र नव्हतं. त्याने मागून कोणाला तरी काहीतरी ओरडून सांगितलं, बहुतेक पऱ्हाटीबद्दलच असावं, आणि मग मला विचारलं की तो लेझर बर्डीला कितीला भेटते, पोराले मिशी मोजायची हाय म्हन्ते.